पाकीट, मत आणि मधली पाच वर्षं : भ्रष्टाचार आणि निवडणुकांच्या अभ्यासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात सत्तरीपासून काणकोणपर्यंतच्या वाचनालयांत आणि महाविद्यालयांत मी या विषयावर अधूनमधून बोलतो. भाषण पाऊण तासाचं असतं, प्रश्न दीड तास चालतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येऊ लागले, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. काही लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत. प्रश्नांची योग्यताही सारखी नव्हती.

हे सगळं आम्हांला ठाऊकच आहे. यात संशोधन कसलं?

मागच्या रांगेतून पहिला हात वर होतो तो याच प्रश्नासाठी. ठाऊक असतं ते असं : अमक्या वाड्यावर पैसे वाटले आणि तमका निवडून आला. पैसे वाटले म्हणून निवडून आला का, हे कुणालाच ठाऊक नसतं. पैसे वाटून पडलेले उमेदवार प्रत्येक तालुक्यात सापडतील, पण त्यांची गोष्ट कुणी चहाच्या गाड्यावर सांगत नाही. पैसे आणि मत यांच्यामधला तो 'म्हणून' खरा की खोटा, हे तपासणं म्हणजे संशोधन.

पण भ्रष्टाचार मोजणार कसा? लाचेची पावती थोडीच मिळते?

पावती मिळत नाही, म्हणून अभ्यासकांनी आडवाटा शोधल्या. मला सगळ्यात आवडणारी वाट बेंजामिन ओल्केन या अर्थशास्त्रज्ञाची आहे. इंडोनेशियात ६०० हून अधिक गावांत सरकारी पैशातून रस्ते होत होते. त्याने अभियंते पाठवून तयार रस्त्यांना भोकं पाडली, आत खडी आणि वाळू खरोखर किती पडली ते मोजलं, स्थानिक भावाने खर्च काढला आणि बिलाशी ताडून पाहिला. मधला फरक म्हणजे गळती. काही गावांना आधीच सांगितलं होतं की तुमचं ऑडिट नक्की होणार. तिथे गळती ८ टक्के बिंदूंनी कमी झाली. काही गावांत ऑडिटऐवजी सभांना जास्त लोक बोलावले. त्याने सरासरीत फारसा फरक पडला नाही. रविवारच्या ग्रामसभेत घसा कोरडा करून घरी येणाऱ्या माझ्या मित्रांना हा निकाल आवडत नाही. मलाही आवडला नव्हता.

मतदारांना थेट विचारून काय होतं, ते निकाराग्वात दिसलं. २००८ च्या स्थानिक निवडणुकांनंतर लोकांना सरळ विचारलं, "मतासाठी काही मिळालं का?" जेमतेम २ टक्के 'हो' म्हणाले. मग दुसरी युक्ती केली. प्रचारातल्या गोष्टींची एक यादी दाखवायची आणि त्यांतल्या किती घडल्या तो आकडा फक्त सांगायचा, कोणत्या ते नाही. निम्म्या लोकांच्या यादीत भेटवस्तूची एक ओळ जास्त घालायची. दोन्ही गटांच्या सरासरीतल्या फरकावरून खरं प्रमाण निघालं २४ टक्के. आपल्याकडे दारात उभं राहून सरळ प्रश्न विचारणारी सर्वेक्षणं मी गंभीरपणे का घेत नाही, ते यावरून कळेल.

दरवर्षी देशांची भ्रष्टाचाराची क्रमवारी येते, ती खरी का?

ही क्रमवारी म्हणजे ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल या संस्थेचा निर्देशांक. तो १९९५ पासून निघतो, आणि तज्ज्ञ व व्यावसायिकांचं मत सांगतो. मत म्हणून वाचावा. एखादा देश तीन क्रमांक खाली आला म्हणजे तिथे लाच वाढली, असा त्याचा अर्थ होत नाही.

मतांसाठीचं हे वाटप फक्त आपल्यासारख्या देशांतच चालतं का?

आज संशोधन बहुतेक इथलंच होतं, कारण प्रश्न इथे जिवंत आहे. पण इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात मतदाराला दारू पाजणं, जेवण घालणं हा उघड व्यवहार होता. १८७२ मध्ये तिथे गुप्त मतदान आलं, १८८३ मध्ये उमेदवाराच्या खर्चावर कडक मर्यादा आली, आणि मग हळूहळू ते ओसरलं. त्यांच्या रक्तात काही वेगळं होतं म्हणून नव्हे.

"पयशे घेतले, मत दुसऱ्याक दिलें, जाल्यार किदें?" (पैसे घेतले, मत दुसऱ्याला दिलं, तर काय?)

हा प्रश्न डिचोलीत एका आजोबांनी कोकणीतून विचारला आणि सभागृह हसलं. पण अख्ख्या विषयाचं मूळ याच प्रश्नात आहे. मतदान गुप्त असेल तर पैसे देणाऱ्याला कळणार कसं?

सुसान स्टोक्स यांनी अर्जेंटिनाच्या अभ्यासावरून असं मांडलं की गुप्त मतदान असूनही गल्लीतला कार्यकर्ता शेजारी असतो. तो चेहरे वाचतो, कोण सभेला आलं नाही ते पाहतो आणि बऱ्यापैकी अंदाज बांधतो. जबाबदारी इथे उलटी फिरते : पुढाऱ्याने मतदाराला जाब द्यायचा, तर मतदारच कार्यकर्त्याला जाब देत बसतो. अनेक वर्षं हेच मत प्रमाण मानलं गेलं.

मग भारतातून वेगळं चित्र येऊ लागलं. मार्क श्नायडर यांनी राजस्थानात गावपुढाऱ्यांनाच विचारलं : हा मतदार कुणाच्या बाजूचा? गावात जन्म काढलेल्या या माणसांचे अंदाज फारसे बरोबर आले नाहीत. सायमन शोशार मुंबईत निवडणुकीच्या दिवसांत कार्यकर्त्यांबरोबर फिरले. त्यांना दिसलं की वाटप करणारे स्वतःच कबूल करतात, या पैशाने मताची खात्री नाही. काही पैसे वाटेतच कार्यकर्त्यांच्या खिशात राहतात, काही मतदार तिन्ही उमेदवारांकडून घेतात. लिसा ब्योर्कमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईही मुंबईतच काम करून वेगळ्या रस्त्याने तिथेच पोचल्या : पैसा फिरतो, पण तो मताची किंमत म्हणून नव्हे.

गोव्याबद्दल एक पुस्ती जोडतो. निकाल केंद्रवार प्रसिद्ध होतात, आणि आपल्याकडे एका मतदान केंद्रावर सरासरी सातशेच्या आसपास मतदार असतात. व्यक्तीचं मत कळत नाही, पण वाड्याचं कळतं. 'त्या वाड्याने आपल्याला दगा दिला' हे वाक्य निकालानंतर ऐकलं नसेल असा गोंयकार विरळा. अनेक केंद्रांची मतं यंत्रातच एकत्र करून मोजण्याची सूचना निवडणूक आयोगाने २००८ मध्ये केली होती. ती अजून अमलात आलेली नाही. एवढ्या साध्या सुधारणेवर इतकी कमी चर्चा का होते, याचं मला नवल वाटतं.

खात्री नाही, तर उमेदवार पैसे ओततात कशाला? ते काही मूर्ख नसतात.

मूर्ख नसतात, अडकलेले असतात. चतुर्थीचं उदाहरण घ्या. निवडणूक सहा महिन्यांवर आहे आणि एका इच्छुकाने घरोघर माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या सजावटीच्या, सामानाची पिशवी पोचवली. दुसऱ्याला ठाऊक आहे की पिशवीने मत मिळत नाही. पण न द्यावी तर 'हा काही उभा राहत नाही', 'याच्या मागे कुणी नाही' अशी कुजबुज सुरू होते, आणि कार्यकर्ते पहिल्याकडे सरकतात. म्हणून तोही देतो. दोघांचाही पैसा गेला, दोघेही होते तिथेच राहिले. शोशार यांनी मुंबईबद्दल नेमकं हेच म्हटलं आहे : प्रत्येक जण देतो, कारण दुसरा देत असेल ही भीती.

मला विचाराल तर पाकीट ही शर्यतीत उतरायची फी आहे. ती भरून कुणी जिंकत नाही. न भरणारा मात्र शर्यतीत धरलाच जात नाही. आणि फी जितकी मोठी, तितके उमेदवार कमी आणि एकाच जातकुळीचे. नुकसान होतं ते इथे. मतदाराने दोन हजार घेतले की नाही यावर आपण नाकं मुरडत बसतो; ज्याच्याकडे वाटायला दोन कोटी नाहीत त्याचं नाव यंत्रावर आलंच नाही, याकडे लक्ष जात नाही.

"पैसे घ्या, पण मत मनाला पटेल त्यालाच द्या" हे सांगणं चांगलं ना?

ऐकायला चांगलं. फिलिपाइन्समध्ये चार संशोधकांनी हेच तपासलं. मतदारांच्या एका गटाला पैसे घेणारच नाही असं वचन द्यायला सांगितलं, दुसऱ्याला 'घेतले तरी सदसद्‌विवेकाने मत देईन' असं. पहिल्या वचनाने, जिथे वाटप सगळ्यात कमी होतं त्या पदाच्या निवडणुकीत मतविक्री १०.९ टक्के बिंदूंनी घटली. दुसरं वचन बरंच लंगडं पडलं. पैसे हातात आल्यावर माणसाला आपल्या मनाचा जेवढा भरवसा वाटत असतो, तेवढं ते मन टिकत नाही. मोठ्या रकमा फिरत होत्या तिथे पहिल्या वचनाचाही परिणाम कमीच होता, हेही सांगायला हवं.

शिवाय कायदा देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही धरतो. पूर्वी भारतीय दंड संहितेत होती ती तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० मध्ये आहे.

लोकांना पुराव्यानिशी सांगितलं की हा माणूस भ्रष्ट आहे, तर ते त्याला पाडतील ना?

मी शिकवायला लागलो तेव्हा माझं उत्तर 'हो' होतं. आता ते लांबलं आहे.

'हो'च्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा ब्राझीलचा. २००३ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने लॉटरी काढून नगरपालिका निवडायला आणि त्यांच्या खर्चाची तपासणी करून अहवाल जाहीर करायला सुरुवात केली. चिठ्ठीने निवड झाल्यामुळे संशोधकांचं फावलं : कुणावर राजकीय राग होता म्हणून तपासणी झाली, असं म्हणायला जागा नव्हती. २००४ मध्ये महापौरांच्या निवडणुका आल्या. क्लॉडिओ फेराझ आणि फ्रेडेरिको फिनान यांनी निवडणुकीआधी तपासल्या गेलेल्या आणि नंतर तपासल्या गेलेल्या नगरपालिका शेजारी ठेवल्या. भानगडी उघड झालेल्या महापौरांना फटका बसला होता, आणि जिथे स्थानिक रेडिओ केंद्र होतं तिथे तो जास्त जोरात बसला होता. स्वच्छ निघालेल्यांना त्याच रेडिओचा फायदा झाला.

मग मेक्सिको. २००९ च्या स्थानिक निवडणुकांपूर्वी घरोघर पत्रकं वाटून लोकांना सांगितलं की तुमच्या नगरपालिकेत इतका पैसा गैरमार्गाने गेला. सत्ताधाऱ्यांची मतं घटली खरी. पण विरोधकांचीही घटली आणि एकूण मतदानच खाली आलं. लोक घरी बसले. 'सगळे चोर' हा निष्कर्ष काढायला एक पत्रक पुरलं.

पुढे संशोधकांनी ठरवलं की सुटे प्रयोग पुरे झाले, एकाच पद्धतीने अनेक देशांत करू. थॅड डनिंग आणि सहकाऱ्यांचा हा एकत्रित निकाल २०१९ मध्ये आला. बेनिन, बुर्किना फासो, ब्राझील, मेक्सिको आणि युगांडा इथे मतदारांना उमेदवारांच्या कामगिरीची माहिती दिली, आणि सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. भारतातला प्रयोगही ठरला होता, तो मधेच थांबवावा लागला.

या निकालावर माझे काही सहकारी हताश झाले. मला त्यातून असं दिसतं की ब्राझीलमध्ये माहिती सरकारी तपासणीतून आली, रेडिओवरून सगळ्यांनी एकाच वेळी ऐकली आणि त्यावर चारचौघांत बोलणं झालं. कुणा अनोळखी मुलाने दारात दिलेल्या कागदाला ते वजन नसतं. आणि दुसरं, समोर पर्याय कोण आहे? पहिल्याची भानगड कळली, पण दुसरा त्याचाच कालपर्यंतचा भागीदार असेल, तर माहितीचं मतदाराने लोणचं घालायचं का?

मग लोक जाणूनबुजून डागी माणसं निवडतात, असंच ना?

काही प्रमाणात. उमेदवार आपली मालमत्ता आणि खटले प्रतिज्ञापत्रात जाहीर करतात. मिलन वैष्णव यांनी लोकसभेच्या निवडणुकांतल्या या प्रतिज्ञापत्रांवरून दाखवलं की एकही खटला नसलेल्या उमेदवाराची जिंकण्याची शक्यता सुमारे ६ टक्के होती, आणि किमान एक खटला असलेल्याची सुमारे १८. यातला मोठा वाटा पक्षांचा आहे. स्वतःचा खर्च स्वतः करील असा उमेदवार त्यांना हवा असतो, आणि तशी ऐपत कुठल्या धंद्यांतून येते ते वेगळं सांगायला नको. मतदाराच्या बाजूने पाहिलं तर जिथे कचेरीत साधा दाखला निघत नाही, तिथे दरारा असलेला माणूस उपयोगाचा वाटतो. ब्राझीलमध्ये यासाठी जुनी म्हणच आहे : 'चोरतो, पण कामं करतो.' मात्र रेबेका वाइट्झ-शापिरो आणि मॅथ्यू विंटर्स यांनी तिथल्याच मतदारांना काल्पनिक महापौर देऊन विचारलं, तेव्हा बहुतेकांना कामं करणारा चोरही नकोच होता. म्हण कानावर येते म्हणून ती खरी असं धरून चालू नये.

एक सावधगिरी : प्रतिज्ञापत्रातला प्रत्येक खटला सारखा नसतो. खाणीविरुद्ध किंवा एखाद्या प्रकल्पाविरुद्ध रस्त्यावर बसलेल्यांवरही गुन्हे नोंदवले जातात. कलमं वाचल्याशिवाय शिक्का मारू नका.

गोव्यात यांतलं काय लागू पडतं?

आकारापासून सुरुवात करू. ४० मतदारसंघ, प्रत्येकी सरासरी तीस हजारांच्या आत मतदार. शेजारच्या महाराष्ट्रात एका विधानसभा मतदारसंघात सरासरी सव्वातीन लाखांहून जास्त. तिथला आमदार पोस्टरवर भेटतो. आपला बारशाला, लग्नाला, तेराव्याला आणि जत्रेला भेटतो. २०२२ मध्ये फोंड्याचा निकाल ७७ मतांनी लागला आणि सांत आंद्रेचा ७६. एवढ्या मतांत दोन-तीन मोठी घराणी मावतात. म्हणून आपल्याकडे प्रत्येक कुटुंबाचा हिशेब ठेवला जातो, आणि कुटुंबही आमदाराचा हिशेब ठेवतं : मुलाची सरकारी नोकरी, घराच्या दुरुस्तीचा परवाना, गाड्याची जागा, अडकलेला योजनेचा अर्ज.

माझ्या मते गोव्यातला खरा व्यवहार हा आहे, आणि तो आचारसंहितेच्या बाहेरच्या पाच वर्षांत होतो. शेवटच्या रात्रीचं पाकीट म्हणजे त्याचा उरलासुरला भाग. माझ्या घरचाच दाखला देतो. आमच्या एका नातेवाइकाचा अर्ज एका कचेरीत आठ महिने पडून होता. कुणाच्या तरी फोनवर तो चार दिवसांत निघाला. लाच कुणी मागितली नाही, कुणी दिलीही नाही. पण त्या घरातली पाच मतं त्या फोनला बांधली गेली, आणि मला ते चूक आहे असं त्यांच्या तोंडावर म्हणवलं नाही.

जेनिफर बसेल यांचा अभ्यास इथे उपयोगी पडतो. त्यांनी दाखवलं की भारतातले आमदार-खासदार मदत मागायला आलेल्याला पक्ष न विचारता बऱ्याचदा मदत करतात. म्हणजे अशी मदत सरसकट सौदा नसते. पण माणसाला मुळात आमदाराच्या दारात जावं का लागतं, हा प्रश्न उरतोच.

पक्षांतर हा भ्रष्टाचारात मोडतो का?

हा प्रश्न गोव्यातच इतक्या तळमळीने विचारला जातो. आधी नोंद पाहू. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली, २००३ च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने पक्षाचे एक-तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर अपात्रता नाही ही पळवाट बंद झाली, दोन-तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची वाट उरली. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले. फेब्रुवारी २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी देवळात, खुरसापुढे (क्रुसापुढे) आणि दर्ग्यात पक्ष न सोडण्याच्या शपथा घेतल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात ११ पैकी ८ जण गेले. संख्या दोन-तृतीयांशाच्या वर होती.

पैसे मिळाले का? त्याचा पुरावा माझ्याकडे नाही, आणि पुराव्याशिवाय मी तसं म्हणणार नाही. अभ्यासक म्हणून एवढं सांगता येतं की लहान विधानसभेत दोन-तृतीयांश जमवायला माणसं कमी लागतात, आणि मतदार पक्षापेक्षा आमदाराशी बांधलेला असेल तर पक्ष बदलल्याची शिक्षा सौम्य होते. मागच्या उत्तरातला तो फोन इथेही वाजतो : सत्तेबाहेरच्या आमदाराचा फोन कचेरीत कोण उचलणार?

निवडणुकीचा पैसा येतो कुठून?

गोव्यात विधानसभेच्या उमेदवाराला २८ लाख रुपये खर्चता येतात. २०२२ पासून ही मर्यादा आहे. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. नाव गुप्त ठेवून पक्षांना देणगी देण्याचे निवडणूक रोखे १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. रोख मात्र तेव्हाही होती, आताही आहे.

दोन अभ्यास सांगतो. देवेश कपूर आणि मिलन वैष्णव यांनी पाहिलं की राज्यात निवडणूक आली की सिमेंटचा खप घटतो. बिल्डरांकडचा पैसा त्या दिवसांत प्रचाराकडे वळत असावा, असा त्यांचा तर्क. संदीप सुखटणकर यांनी महाराष्ट्रातले साखर कारखाने घेतले : राजकारण्यांच्या ताब्यातल्या कारखान्यांत निवडणुकीच्या वर्षी शेतकऱ्याला उसाचा दर कमी मिळतो. कुणीही कुणाच्या खिशात हात घातलेला दिसत नाही, फक्त दरपत्रकावर आकडा उतरतो. गोव्यात असा अभ्यास करायचा तर जमिनींच्या रूपांतराच्या परवानग्या निवडणुकीच्या तारखांशेजारी मांडाव्या लागतील. पीएचडीला विषय शोधणाऱ्यांनी हे घेऊन जावं, माझा हक्क नाही.

एवढ्या अभ्यासाने कुठे काही सुधारलं का?

ब्राझीलच्या त्याच लॉटरीचा पुढचा हिशेब २०१८ मध्ये आला : एकदा तपासणी झालेल्या नगरपालिकांत नंतरचा भ्रष्टाचार ८ टक्क्यांनी कमी. आकडा लहान वाटतो. पण खटल्याची भीती हे त्यामागचं मोठं कारण निघालं, मतदारांचा धाक त्या मानाने कमी.

मी एकटा मतदार काय करू शकतो? प्रतिज्ञापत्र वाचून काही कळतं का?

पुष्कळ कळतं, पण एकच वाचून नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालामुळे ही माहिती आपल्या हाती आली. उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. एकाच माणसाची लागोपाठच्या दोन किंवा तीन निवडणुकांतली उतरवून घ्या आणि शेजारी ठेवा. रेमंड फिस्मन आणि सहकाऱ्यांनी देशभर असंच केलं : थोडक्यात जिंकलेले आणि थोडक्यात हरलेले यांची मालमत्ता ताडली. जिंकलेल्यांची दरवर्षी ३ ते ५ टक्के जास्त वेगाने वाढली होती, मंत्री झालेल्यांची त्याहून जास्त.

एकूण बेरजेवर थांबू नका. पती किंवा पत्नीचा आणि अवलंबितांचा रकाना पाहा. पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांतलं उत्पन्न आणि त्याच काळात वाढलेली मालमत्ता यांचा मेळ बसतो का ते पाहा. मग जमिनीकडे या : सर्व्हे नंबर लिहिलेला असतो, तो घेऊन फॉर्म १ व १४, म्हणजे गोव्यातला जमिनीचा उतारा, काढा. मागच्या वेळी शेतजमीन म्हणून लिहिलेला तुकडा आता कोणत्या नावाने लिहिला आहे, आणि मधल्या काळात त्याच्या बाजूने कुठला रस्ता गेला, ते तपासा. आमच्या वर्गातल्या मुलांना मी हे एका रविवारी करायला लावलं होतं. चार तास लागले. त्यांतल्या दोघांना सर्व्हे नंबर ओळखीचा वाटला, कारण जमीन त्यांच्याच वाड्यावरची होती.